विक्रीस काढलेले एक बिऱ्हाड : दादर ते कतारगाम



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला इतिहास शिकवीत असत. पेशवे दप्तरातील रुमाल तेवढे इतिहासाचे साधन आणि घरातील वाण्याची वही, रेल्वेचे तिकीट, भाड्याची पावती हे कचऱ्याचे धन, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. त्यांचे ते म्हणणे प्रमाण मानूनच आज मी एका अगदी सामान्य विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे. विषय आहे मुंबईच्या दादर भागातील दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्याच विस्ताराचे, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या इमारतीतील, नूतनीकरण करून विक्रीस काढलेले एक बिऱ्हाड. सुरतेच्या शाळेत दादरच्या घराचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईल. व्याख्यानाचा मजकूर या पुस्तिकेसाठी मी किंचित वाढवून दिला आहे.

हे बिऱ्हाड माझ्या आत्याचे. हिंदू कॉलनीतील एका गल्लीत, तीन मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तिचा संसार झाला. तिच्या पश्चात आतेभावाने ते विकावयाचे ठरविले आणि वकिलांना दाखविण्यासाठी कागदपत्रांची जुळवाजुळव करण्याचे काम इतिहासाचा मास्तर म्हणून माझ्याकडे सोपविले. एक पत्र्याची पेटी माझ्या कतारगामच्या घरी आली. तिच्यात भाड्याच्या पावत्या, ट्रस्टच्या भाडेपट्ट्याची नक्कल, दुरुस्ती उपकराच्या नोटिसा, सहकारी संस्थेचे भागपत्र आणि इमारतीच्या नकाशाची एक जीर्ण निळी प्रत एवढा ऐवज होता. दलालाने तयार केलेली जाहिरातही त्यासोबत होती. तिच्यात ‘युद्धपूर्व, हवेशीर, नूतनीकृत, स्टेशनपासून पायी पाच मिनिटे’ एवढे चार गुण सांगितले होते. या चार शब्दांपैकी ‘हवेशीर’ हा शब्द दलालाने सहज लिहिला असावा. पेटीतील कागद वाचीत गेल्यावर मला असे दिसले की त्या एका शब्दामागे जवळजवळ सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो एका रोगापासून सुरू होतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढील काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गेली. गिरण्यांची चाके थांबली, बंदराचा व्यापार धोक्यात आला. सरकारने घरे तपासली, माणसे वेगळी काढली, सामान जाळले, भिंती चुन्याने रंगविल्या. त्यातून जो क्षोभ उसळला तो आपल्याला पुण्याच्या १८९७ च्या घटनांमुळे ठाऊक आहे. या सर्व गोंधळातून एक टिकाऊ संस्था मात्र निर्माण झाली. १८९८ च्या कायद्याने स्थापन झालेली ती संस्था म्हणजे बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. कोंदट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि बेटाच्या उत्तरेकडील मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती वसविणे ही कामे तिच्याकडे देण्यात आली.

त्या काळी दादर, माटुंगा आणि शीव हा भाग भातखाचरांचा, माडांचा आणि वाड्यांचा होता. ट्रस्टने तेथील शेकडो एकर जमीन सक्तीने संपादन केली, भराव घातले, रस्ते आखले, गटारे घातली आणि भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावयास काढले. कागदावर ही योजना शतकाच्या आरंभीच तयार होती, तथापि तिला प्रत्यक्ष वस्ती लाभली ती पहिल्या महायुद्धानंतर. मंचेरजी एदलजी जोशी यांच्या खटपटीने दादरची पारशी कॉलनी उभी राहिली, तिच्या शेजारी हिंदू कॉलनी वाढली, आणि माटुंग्यात दक्षिणेकडून आलेल्या कारकून मंडळींनी बिऱ्हाडे थाटली. १९२३ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्था माटुंग्यास आली आणि १९३७ मध्ये रुईया महाविद्यालय निघाले. ट्रामचे शेवटचे स्थानक दादरला होते. १९६४ च्या ३१ मार्चला मुंबईची शेवटची ट्राम धावली, रूळ उखडले गेले, परंतु त्या चौकास लोक अद्याप ‘दादर टी. टी.’च म्हणतात. त्या दोन अक्षरांतील ट्राम किती जणांना आठवते, कोण जाणे.

आता ‘हवेशीर’ या शब्दाकडे येतो. ट्रस्टचे अध्यक्ष जेम्स ऑर यांनी घरांतील उजेड आणि वारा या प्रश्नाचा ध्यास घेतला होता. त्यांनी पुरस्कारिलेला नियम साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ओळखला जाई. खोलीच्या जमिनीपासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेषा काढली, तर ती साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक चढी असता कामा नये, असा त्याचा आशय. भूमिती ज्यांना आठवत असेल त्यांच्या ध्यानात येईल की या कोनात उंची अंतराच्या दुप्पट होते. म्हणजेच समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल तर ती तुमच्या भिंतीपासून निदान वीस फूट दूर हवी. आत्याच्या स्वयंपाकघरातून शेजारची इमारत दिसे, पण तिच्या वरचे आभाळही दिसे. लहानपणी मला ते स्वाभाविक वाटे. आभाळाचा तो तुकडा नियमाने मोजून दिलेला होता, हे निळा नकाशा पाहिल्यावर उमगले.

येथे एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. ट्रस्ट ज्या समजुतीवर उभा राहिला ती शास्त्रदृष्ट्या अपुरी होती. रोग हा अंधारातून, दमट हवेतून, कुजकट वासातून उपजतो, म्हणून ऊन आणि वारा आत आणला की प्लेग जाईल, अशी ती समजूत. ज्या साली ट्रस्ट स्थापन झाला त्याच साली, १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीस केलेल्या प्रयोगांतून प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हे दाखवून दिले. सिमाँचे म्हणणे सर्वमान्य व्हायला काही वर्षे गेली. खिडकीने प्लेग अडत नाही. परंतु खिडकी क्षयरोगाविरुद्ध उपयोगी पडली, भिंतीवरील बुरशीविरुद्ध पडली, आणि आईच्या डोळ्यांना चुलीचा धूर कमी लागला. चुकीच्या कारणासाठी केलेले चांगले काम इतिहासात वारंवार आढळते. त्याचे श्रेय कोणास द्यावे याविषयी मात्र मला निर्णय करता आलेला नाही.

दुसरी गोष्ट या घराच्या रचनेची. चाळीत खोल्या एकामागून एक, पुढे सामाईक गॅलरी आणि टोकाला सर्वांचे संडास अशी मांडणी असे. दादर-माटुंग्यात जी नवी रीत आली तिला मुंबईकर ‘ब्लॉक’ म्हणू लागले. स्वतःचा दरवाजा, स्वतःची मोरी आणि, सर्वांत नवलाची बाब म्हणजे, स्वतःचा संडास घराच्या चौकटीच्या आत. आज आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. परंतु ज्या पिढीच्या सोवळ्याओवळ्याच्या कल्पनेत शौचकूप घरापासून जितका दूर तितका बरा, त्या पिढीला स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर तो येणे ही मोठीच उलथापालथ होती. गटारे आणि नळ यांची खात्री असल्यावाचून हे शक्य झाले नसते. आत्याच्या सासूबाई हयात होत्या तोवर त्या बाजूस जाताना वेगळे लुगडे नेसत, असे आत्या सांगे.

आणि येथेच त्या घराचा एक भाग असा होता की जो आजच्या जाहिरातीत नाही, नूतनीकरणात भिंतीआड गेला आहे. संडासाला दोन दारे होती. एक घरातून, दुसरे मागच्या लोखंडी गोल जिन्यावर उघडणारे. ट्रस्टच्या वसाहतीत भुयारी गटारे होती, मैला डोक्यावरून वाहून नेण्याचा प्रश्न तेथे नव्हता. तरीही सफाई करणाऱ्या माणसाने पुढच्या जिन्याने येऊ नये, घरात पाऊल टाकू नये, यासाठी हा मागचा जिना. दादर-माटुंगा भागातील त्या काळच्या अनेक इमारतींत असे जिने होते, काही ठिकाणी त्यांचे गंजलेले सांगाडे अजून उभे आहेत. नकाशावर तो जिना सुबक वर्तुळाने दाखविलेला आहे. आतेभावाने मागचे दार विटांनी बुजवून तेथे धुण्याचे यंत्र ठेवले. सोयीच्या दृष्टीने त्याचे काही चुकले नाही. परंतु घराचा इतिहास सांगावयाचा तर ते दार वगळून सांगता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘राजगृह’ बांधले. ग्रंथसंग्रहासाठी घर बांधणारा माणूस या मुंबईत विरळाच. त्यापूर्वी सुमारे दोन दशके ते परळला राहिले, ती खोल्यांची चाळही याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. एकाच संस्थेने कामगारांसाठी बांधलेल्या चाळीतून त्याच संस्थेने मध्यमवर्गासाठी आखलेल्या वसाहतीत झालेला हा प्रवास आहे. १९१७ मध्ये, आपल्या या गुजरातेतच, बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरीत असताना त्यांना राहावयास जागा मिळाली नव्हती. पारशी विश्रामगृहात नाव लपवून राहावे लागले आणि तेथूनही निघावे लागले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. ज्या गल्ल्यांच्या इमारतींना मागचे लोखंडी जिने होते त्याच गल्ल्यांच्या परिसरात ‘राजगृह’ उभे आहे. आत्याच्या घरून चालत गेल्यास ते फार दूर नाही. माझ्या लहानपणी मला कोणी ते दाखविले नाही.

ट्रस्टविषयी केवळ गौरवाने बोलणे मात्र अन्यायाचे होईल. कोंदट वस्त्या पाडून बेघर झालेल्यांना नवी घरे देणे हे त्याचे मूळ काम. पहिल्या दोन दशकांत पाडलेल्या खोल्या आणि बांधलेल्या खोल्या यांचा ताळा जुळला नाही. ज्यांची घरे पाडली ते दादरच्या हवेशीर ब्लॉकांत आले नाहीत. ते शेजारच्या कोंदट खोल्यांत आणखी दाटीने राहू लागले. ब्लॉकांत आले ते शिक्षक, कारकून, रेल्वेतील व बँकांतील नोकर, म्हणजे आमच्या आत्याच्या यजमानांसारखे. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. जमिनीचा मालकी हक्क त्यामुळे महापालिकेकडे गेला आणि म्हणूनच आजही तेथील अनेक घरांच्या विक्रीत महापालिकेच्या मालमत्ता खात्याचा कागद लागतो.

पेटीतील सर्वांत जुनी पावती १९३८ ची आहे. भाडे दोन आकडी रुपयांत. त्यानंतर चाळीस वर्षांनीही ते दोन आकडीच राहिले. याचे कारण आपल्यापैकी जुन्या शेऱ्यांत भाड्याने राहिलेल्यांना चांगलेच ठाऊक असेल. युद्धकाळात मुंबईकडे माणसांचा लोंढा आला, भाडी भडकली, म्हणून सरकारने नियंत्रण आणले. आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाणभूत मानले. हा कायदा तात्पुरता होता. त्याची मुदत पुनःपुन्हा वाढत गेली. सुरत तेव्हा मुंबई राज्यात होती, त्यामुळे गोपीपुऱ्यातील भाडेकरू आणि दादरमधील भाडेकरू एकाच कायद्याच्या छत्राखाली होते. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली, आत्या महाराष्ट्राची झाली आणि माझे वडील गुजरातचे, पण कायदा तोच दोन्हीकडे पुढे चालू राहिला. राज्यांच्या फाळणीत भाड्याच्या पावत्यांची फाळणी झाली नाही, असे वडील गमतीने म्हणत.

या कायद्याविषयी माझे मत दुभंगलेले आहे, ते तसेच मांडतो. आत्याचे यजमान अकाली गेले. पदरात दोन मुले आणि शिक्षिकेचा तुटपुंजा पगार. भाडे बाजाराप्रमाणे वाढले असते तर तिला दादर सोडून कल्याणपलीकडे जावे लागले असते, मुलांची शाळा सुटली असती. त्या कायद्याने तिचे घर राखले, हे निर्विवाद आहे. परंतु त्याच कायद्याने घराची इमारत मारली. घरमालक काही धनाढ्य नव्हता. निवृत्तीचा पैसा घालून त्याने ती इमारत बांधलेली. दोन आकडी भाड्यातून तो पाणीपट्टी भरणार, की गच्चीची गळती थांबविणार? त्याने दुरुस्ती सोडली. मग लाकडी पाट्या फुगल्या, लोखंडी तुळया गंजल्या, पावसाळ्यात भिंतींना ओल धरली. भाड्याला वाव राहिला नाही तेव्हा पागडी आली. बिऱ्हाड दुसऱ्याच्या नावे करताना हातावर ठेवलेली, पावतीवर कधीच न येणारी रक्कम म्हणजे पागडी, आणि अर्धे मुंबई शहर या न लिहिलेल्या कागदावर उभे राहिले. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे नमूद केले. त्यानंतर महाराष्ट्राने १९९९ चा नवा कायदा केला, तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा मिळाली, आणि पागडीचा व्यवहारही कायदेशीर ठरला. इतकी वर्षे चोरून चाललेला व्यवहार राजरोस झाला. ज्यांनी आधी तो नाकारला त्यांचे काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले आणि बेटावरील जुन्या इमारतींवर उपकर बसला. इमारतींचे वर्ग पाडले गेले. १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या त्या ‘अ’ वर्गातील. पाहा, भाडे गोठले त्याच तारखेवर इमारतीचे वयही ठरले. ‘युद्धपूर्व’ हा शब्द दलालाला भारदस्त वाटतो, परंतु मुंबईच्या सरकारी कागदांत त्याचा अर्थ ‘अ’ वर्ग, म्हणजे दुरुस्तीची सर्वाधिक निकड असलेला, असा आहे. पुढे कंटाळलेल्या घरमालकाने इमारत भाडेकरूंनाच विकली. त्यांनी सहकारी संस्था काढली आणि आत्या वयाच्या उत्तरार्धात, आयुष्यात प्रथमच, घराची मालकीण झाली. मुंबईत गृहनिर्माण सहकाराची परंपरा जुनी आहे. गावदेवीची सारस्वत संस्था १९१५ ची. परंतु तेथे सभासदांनी घर बांधण्यासाठी संस्था काढली होती. आमच्या आत्याच्या संस्थेचा जन्म मालकाला सोडविण्यासाठी झाला.

आता सुरतेकडे वळतो. माझे वडील अमळनेरहून तापी व्हॅली रेल्वेने येथे आले. १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या त्या लोहमार्गाने खानदेशातील किती माणसे या शहराच्या मागांवर आणली त्याचा इतिहास अजून नीट लिहिलेला नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा येथे अहिराणी ऐकू येते ती त्या मार्गाची देणगी. मी मात्र कतारगामला राहतो. शहराच्या बाहेरच्या कोटाचा कतारगाम दरवाजा ज्या गावाच्या दिशेने उघडत होता तेच हे गाव. उंधियूसाठी सुरतकर जिच्यावर जीव टाकतात ती कतारगामची पापडी याच मातीतील. आज त्या शेतांवर हिऱ्यांच्या घंट्या फिरतात, औद्योगिक वसाहत आहे, आणि सौराष्ट्रातून आलेल्या रत्नकलाकारांची घरे आहेत. पापडी अद्याप कतारगामचीच म्हणून विकली जाते. शेत कोठे आहे हे मला भाजीवालीस विचारावेसे वाटते, पण मी विचारीत नाही.

१९९४ चा सप्टेंबर येथील कोणी विसरलेला नाही. तापीचा पूर ओसरला होता, उकिरडे कुजत होते. वेड रोडवरील वस्तीत तापाने माणसे दगावू लागली आणि ‘प्लेग’ हा शब्द शहरभर पसरला. आमच्या घरापासून तो रस्ता फार दूर नाही. दोन-तीन दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. स्टेशनावर पाऊल ठेवावयास जागा नव्हती. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपल्या. सरकारी आकड्यांप्रमाणे मृत्यू पन्नासच्या आसपास होते, आणि रोगाच्या निदानाविषयीही तेव्हा वाद झाला. परंतु शहर हलले ते आकड्यांनी नव्हे. १८९६ ची मुंबई मी ग्रंथांत वाचली होती. ती अशी समोर उभी राहील असे वाटले नव्हते. पळून जाण्यास ज्यांच्याजवळ गाव होते ते खानदेशात, सौराष्ट्रात गेले. ज्यांच्याजवळ नव्हते ते वेड रोडवरच राहिले.

त्यानंतर जे घडले तेही आपण पाहिले आहे. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. रस्ते रात्री झाडले जाऊ लागले, अधिकाऱ्यांनी रोज प्रत्यक्ष फिरावयाचे असा दंडक घातला गेला, खाद्यगृहांची तपासणी झाली, आणि रस्त्यात आलेली बांधकामे, श्रीमंतांचीही, तुटली. दोन वर्षांच्या आत देशात स्वच्छतेसाठी सुरतेचे नाव होऊ लागले, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तिने इंदूरबरोबर पहिला क्रमांक मिळविला. मधल्या काळात २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीने पुन्हा शहर बुडविले, तरी १९९४ सारखी साथ आली नाही. हे श्रेय झाडूचे आहे आणि झाडू हातात धरणाऱ्यांचे आहे. मागच्या लोखंडी जिन्याने येणाऱ्यांचीच ही पुढली पिढी.

तरीही एक फरक माझ्या मनात राहतो. मुंबईने प्लेगनंतर घर बदलले. सुरतेने प्लेगनंतर रस्ता बदलला. ट्रस्टने जमीन सक्तीने घेतली, गटारे आधी घातली आणि घरे मागून आली. आपल्याकडे १९१५ च्या नगररचना कायद्याची वाट आहे, जिला आपण सर्व ‘टी. पी. स्कीम’ म्हणतो. शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करावयाच्या, रस्त्यांसाठी हिस्सा कापावयाचा, आणि उरलेला ‘फायनल प्लॉट’ मूळ मालकास परत द्यावयाचा. न्यायाच्या दृष्टीने ही रीत मला अधिक बरी वाटते, कारण जमिनीची वाढलेली किंमत शेतकऱ्याच्याच पदरात पडते. परंतु या रीतीत खोलीच्या खिडकीविषयी कोणी फारसे बोलत नाही. वेड रोडवरील एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या मागकामगारांना ना फायनल प्लॉट मिळतो, ना साडेत्रेसष्ट अंशांचे आभाळ. दादरच्या ब्लॉकांत जसे मांडवीचे बेघर आले नाहीत, तसेच हे.

विक्रीच्या व्यवहारात माझा एक आग्रह होता आणि त्यावरून आतेभावाशी थोडे वाजलेही. नूतनीकरणात छताखाली खोटे छत बसविले आहे, मोझेकच्या जुन्या लाद्यांवर चकचकीत लाद्या आल्या आहेत, सागवानी खिडक्या जाऊन ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या. लाद्यांचे मला दुःख आहे, पण ते माझे खासगी दुःख. खोट्या छताची गोष्ट वेगळी. त्याच्यामागे १९३० नंतरच्या दशकातील लोखंडी तुळई आहे, ओलीमुळे तिचे पापुद्रे सुटत आहेत. “दादा, घेणारा छत पाहतो, तुळई पाहत नाही,” असे आतेभाऊ म्हणाला. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबईत आवश्यक आहे. संस्थेने ती केलेली होती आणि अहवालात तुळईचा उल्लेख होता. तो अहवाल घेणाऱ्यास आधी दाखविल्यावाचून मी कागदांवर हात ठेवणार नाही, असे मी कळविले. आतेभावाने चार दिवस फोन केला नाही. पाचव्या दिवशी केला आणि अहवालाची प्रत मागितली. किंमत उतरली. घेणारे दांपत्य मात्र राहिले. त्यांना तुळईपेक्षा पुनर्विकासात रस होता.

कारण संस्थेपुढे आता विकासकाचा प्रस्ताव आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून उपकरप्राप्त जुन्या इमारती पाडून उंच बांधण्यास वाढीव चटईक्षेत्र मिळते आणि मूळ रहिवाशांना नवी घरे विनामूल्य. रहिवाशांचा याला विरोध असण्याचे कारण नाही. गळक्या छताखाली राहून वारसा जपा, असे त्यांना सांगण्याचा अधिकार सुरतेत राहणाऱ्या माणसास मुळीच नाही. आतेभावाने प्रस्तावाचा नकाशाही मला पाठविला. मी जुन्या निळ्या नकाशाशेजारी तो ठेवला आणि पट्टीने मोजले. खालचे काही मजले मोटारींसाठी आहेत. नव्या इमारतीत आत्याच्या स्वयंपाकघराच्या जागी जी खोली येते, तिच्या खिडकीपासून शेजारच्या प्रस्तावित इमारतीचे अंतर तिच्या उंचीच्या निम्म्याने तर सोडाच, चौथ्या हिश्श्यानेही भरत नाही. ते अंतर मी पेन्सिलीने समासात लिहून नकाशा परत पाठविला.

महापालिकेच्या मालमत्ता खात्याचा कागद यावयाचा असल्याने व्यवहार अद्याप पुरा झालेला नाही. वकिलांना लागणारे कागद मी त्यांना दिले. १९३८ पासूनच्या भाड्याच्या पावत्या आणि निळ्या नकाशाची प्रत त्यांना नको होती. आतेभावाच्या संमतीने त्या मी शाळेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत. ज्यांना पाहावयाच्या असतील त्यांनी ग्रंथपालांकडे मागाव्यात. नकाशा उलगडताना घडीवर फाटण्याची भीती आहे, म्हणून तो टेबलावर सपाट ठेवूनच पाहावा.